पहिल्या माशाचं वजन

आठवडी बाजारात कुणी हूकवाला लटकता काटा हातात धरून पारखताना दिसला, की ती घटना अजूनही माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि मी दोन दुकानं पुढे निघून जातो. बायको हसते. म्हणते, "चाकूसुऱ्यांना भ्यायला नाहीत, आणि काट्याला भिता?" तिला मी कधी कारण सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, तळ्यावर या. काटेवाले गेले."

"कुठे गेले?"

"गेले म्हंजे गेले, साहेब. काठच्या बेशरमीच्या झुडपात अडकले हायेत. वर काढू का तुमी येता?"

"हात लावू नका. मी येतो."

त्या गावात तळ्यावर जगणारी तीसेक घरं. त्यांची एक सोसायटी. रोज सकाळी डोंगे काठाला लागले की प्रत्येकाचे मासे काट्यावर मोजून घ्यायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. वीस वर्षं तोच मोजत होता, म्हणून त्याला सगळे काटेवाले म्हणत. तोच आता पालथा तरंगत होता. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम होती. काठावर आख्खं गाव उभं होतं आणि कुणी रडत नव्हतं. मी बरीच प्रेतं पाहिली आहेत. माणूस कितीही वाईट असो, काठावर चार बायका तरी पदर डोळ्यांना लावतात. इथे एकटी त्याची बायको चिखलात बसली होती आणि बाकीच्या तिच्यापासून हातभर लांब उभ्या होत्या.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी मार, मग पाणी. खुनाचा गुन्हा दाखल केला.

गाव का रडत नव्हतं, ते चहाच्या टपरीवर कळलं. जुना स्प्रिंगचा काटा गंजून ढिला पडला होता, म्हणून दिवाळीनंतर काटेवाल्याने बाजारातून नवा काटा आणला होता. बॅटरीवर चालणारा, आकडे दाखवणारा, त्यातल्या त्यात स्वस्त. तेव्हापासून प्रत्येकाचे मासे कमी भरू लागले. कधी किलोभर, कधी दोन-तीन किलो. माणसं आयुष्यभर मासे उचलत आलेली, हाताला वजन कळतं. व्यापारी काट्यावरचाच आकडा धरायचा. त्याचा फायदाच होता, तो कशाला बोलेल?

टपरीवाला कप विसळत हळूच म्हणाला, "साहेब, मी काई सांगितलं नाई. पन डोंगा हाकायची बल्ली पाहा एकेकाची. सगळ्याइच्या काळ्या पडल्या हायेत. एकाची हिरवीगार हाये."

मी बल्ल्या पाहत काठाने फिरलो. बाविसाव्या डोंग्यात हिरवी बल्ली सापडली. कालपरवा तोडलेला बांबू, सालही सुकली नव्हती. डोंग्याचा मालक चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. काटेवाल्याचा पुतण्या. त्याला पोहायला, जाळं फेकायला काटेवाल्यानेच शिकवलं होतं.

ठाण्यात आणल्यावर तो भिंतीकडे पाहत बसला. हवालदार म्हणाला, "साहेब, याच्या तोंडाला कुलूप हाये." मी मुद्देमालातला तो काटा मागवला आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. खुनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. अगदी गिऱ्हाइकासारखा चेहरा केला. मला जमतं ते.

"मी रविवारी गळ टाकायला जातो. स्वस्तातला एक काटा घ्यायचा आहे. कोणता घेऊ?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काऊन पायजे काटा? दोन बोटाएवढे मासे भेटत असतीन तुमाले."

हवालदाराने तोंड फिरवून हसू दाबलं.

"भेटेल एखादा मोठा. स्प्रिंगवाला घेऊ?"

"स्प्रिंगवाला पान्यानं गंजते. घेतला तर रिकामा टांगून पाहा, सुई बरोबर शून्यावर येते का. जड काई लटकवा, काढा, मंग पुन्हा पाहा. नाई आली तर ठेवून द्या दुकानात."

"आणि हा आकडेवाला?"

"याले पान्याची भरलेली लिटरची बाटली लावून पाहाची. आनि आकडा मोठा दिसला पायजे, उन्हात." तो थांबला. मग त्याचा आवाज चढला. "काटा कोनताई घ्या, साहेब. मोजनारा पाहून घ्या! थो पहिला मासा खात होता! माझ्या कतल्याले खाल्लं त्यानं. तीन किलोचा कतला, मी या हातानं उचलला होता. सगळ्याइच्या समोर मले म्हने, तुझा हात खोटा हाये."

त्यानंतर सगळं बाहेर आलं. प्रेत सापडण्याच्या आदल्या दुपारी काटेवाला एकटा जाळं सोडवायला डोंग्यात गेला होता. पुतण्या दुसऱ्या डोंग्यातून त्याच्याजवळ गेला, पुन्हा वाद झाला आणि हातातली बल्ली फिरली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमोर त्याच्याकडून बल्ली टाकल्याची जागा वदवून घेतली आणि तळ्याच्या गाळातून मोडलेली जुनी बल्ली हस्तगत केली. तपास संपला, असं मला वाटलं.

इथपर्यंत मी फार खुशीत होतो, हे कबूल करतो. त्या खुशीतच मी चूक केली. काट्याचा पंचनामा गावातच, चावडीपुढे, सगळ्यांसमोर केला. किराणा दुकानातून मापं मागवली. एक किलो लावलं, एक दाखवलं. दोन लावलं, दोन. पाच लावलं, पाच. मी काटा उंच धरून लोकांना फिरवून दाखवला आणि मोठ्याने म्हणालो, "काटा खरा आहे. खोटा होता तो मोजणारा हात." लोकांनी माना डोलावल्या. काटेवाल्याची बायको मागे उभी होती. तिने मान डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात आली. तिसऱ्या दिवशीही आली. बाकावर बसून राहायची. चौथ्या दिवशी मी विचारलं, "बाई, आरोपी आत आहे. आता काय हवं?"

"तुमी कागदावर माझ्या मानसाले चोर लिहून राह्यले म्हने."

"खुनाचं कारण लिहावं लागतं."

"त्यानं मारलं थे लिहा. चोर नोका लिहू. घरात एक मासा नाई आनला, साहेब. उलट पोरीच्या घरी आमी बाजारातून घेऊन जाऊ, लोक पाहातीन म्हनून."

"काटा मी स्वतः तपासला, बाई. सगळ्या गावाने पाहिलं."

ती उठली, माझ्या टेबलाशी आली. "तुमी मापं मोजले. आमी मासे मोजतो. आमी मोजतो तसं तुमी मोजलंच नाई."

खोटं बोलणारी माणसं लांबलचक बोलतात. ही फार थोडं बोलली होती. मी जीप पाठवून मासे आणवले, पंच बोलावले. पुतण्या पोलीस कोठडीत होता, त्यालाही अंगणात आणलं. मोहाच्या फांदीला काटा टांगला.

"आता मोजा," मी बाईला म्हणालो, "तुम्ही मोजता तसं."

तिने रिकामी ओली टोपली हुकाला अडकवली, बटण दाबलं. शून्य. सगळ्यांत मोठा मासा उचलून टोपलीत ठेवला आणि ती मागे सरून उभी राहिली.

"पुढचे टाका."

"असे नाई टाकत. पहिला मासा निजू द्याचा. त्याच्यावर दुसरा फेकला तर तळ्याले दुखते. बिडीभर थांबतो आमी. थे बिडी पेटवत."

हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. इतकं माहीत होतं, की मला सांगावं असं कुणाला सुचलंच नाही. मी हवालदाराकडून बिडी घेतली, पेटवली आणि दोन झुरक्यांतच इतका खोकलो की एक पंच पाणी आणायला धावला. मासा दोनदा आपटला, मग शांत झाला. बिडी अर्धी झाली आणि काट्याचा आकडा विझला.

"आता?"

"आता झोपला. दुकानदारानं सांगितलं होतं, झोपला का बटन दाबा, उठते."

तिने बटण दाबलं. काटा उठला. टोपलीत मासा पडलेला आणि काटा दाखवत होता शून्य. तिने आकड्याकडे पाहिलंही नाही. तिच्या नवऱ्याला तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, शेवटचा आकडा वाचायलाही तो दुसऱ्याला सांगायचा; मध्येच आलेलं शून्य त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तिने उरलेले मासे भरले आणि आकडा वाचायला सांगितला. मी वाचला. मग सगळे मासे उतरवून, एकदम भरून, न थांबता मोजले. फरक बरोबर त्या पहिल्या माशाएवढा.

स्वस्त काटा बॅटरी वाचवायला मिनिटा-दीड मिनिटात झोपतो. उठला की हुकाला जे लटकत असेल ते रिकामं समजून शून्यापासून सुरुवात करतो. दुकानातल्या बाटलीने हे कळत नाही. किराणा दुकानातल्या मापांनीही कळलं नाही, कारण मी मध्ये कुठे थांबलोच नव्हतो.

पुतण्या म्हणाला, "पुन्हा करा."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतः केलं, बेडी घातलेल्या हातांनी. मासा ठेवला, थांबला, बटण दाबलं. मग तो तिथेच जमिनीवर बसला.

"मंग माझा कतला कोनं खाल्ला?"

काकू त्याच्यासमोर तीन हातांवर उभी होती. तो तिच्या पायांकडे सरकला, तेव्हा ती मागे झाली.

"मले हात नोको लावू," एवढंच ती म्हणाली.

लोक मला विचारतात, नोकरीने काय शिकवलं? पुष्कळ शिकवलं, त्यातलं बरंचसं विसरलो. हे नाही विसरलो: एखादी वस्तू खरी की खोटी हे तपासायचं, तर ती ज्याच्या हातात रोज असते त्याच्या पद्धतीने तपासायची. माझ्या घाईने नाही. आणि चूक चावडीपुढे केली असेल, तर ती टेबलावरच्या कागदात गुपचूप दुरुस्त करून भागत नाही.

म्हणून मी पुन्हा त्या गावात गेलो. त्याच चावडीपुढे तीच माणसं जमवली. काटा फांदीला टांगून सगळं करून दाखवलं. माझं चुकलं, असं म्हणालो. लोक खाली पाहत होते. दोन बायका काटेवाल्याच्या बायकोच्या बाजूला जाऊन बसल्या. ती त्यांच्याकडे वळली नाही.

"कागदावर लिहलं का?" तिने मला विचारलं.

"लिहिलं."

"वाचा."

दोषारोपपत्रातली ती ओळ मी वाचली: मयताने मासे मोजताना कोणतीही लबाडी केल्याचं तपासात आढळून आलं नाही.

"आनखी एक डाव वाचा. जोरानं. तिकडं डोंगे बांधून राह्यले, त्याइले आयकू गेलं नाई."

मी उभा राहिलो आणि तळ्याकडे तोंड करून वाचलं.