पाद्रीबाबांची गाळलेली सभा

आमचे पाद्रीबाब सतराशे वर्षांपूर्वीची भांडणं अशी रंगवून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, ती गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात झाली. नायसियाच्या धर्मसभेत बिशप कसे हमरीतुमरीवर आले हे सांगताना त्यांच्या हातातला उंडा पाव चहात विरघळून जाई. "त्या अलेक्झांड्रियेच्या बिशपाक पाच खेपे हाकललो, मास्तर! आनी पाचूय खेपे तो परत आयलो!" हे म्हणताना ते इतके खूश, जणू त्याला उतरवून घ्यायला स्टँडवर हेच गेले होते.

जन्मभर सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकवून, निवृत्तीनंतर ते पेडण्यात आमच्या गावच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, राहायला आले. धर्मसभांवर मराठीत पुस्तक लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, कारण इथले लोक मराठी वाचतात. मूळचे ते बार्देशचे, मराठी मोठेपणी शिकलेले. म्हणून मजकूर सुधारायला मी, निवृत्त शाळामास्तर, दर रविवारी संध्याकाळी हजर.

त्यांची एक रीत होती. प्रत्येक प्रकरणात आधी हरलेल्यांची बाजू, मग निकाल. "हारिल्ल्यान वाचून म्हणूक जाय, हय, हेंच म्हाका सांगपाचें आशिल्लें." म्हणजे हरलेल्यानेही वाचून 'हो, हेच मला सांगायचं होतं' म्हणावं. मी एकदा शहाणपणा करून एकाच्या नावाआधी 'पाखंडी' घातलं. त्यांनी ते खोडलं. "तो स्वताक तसो म्हणनासलो, मास्तर." पंचवीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझ्याच शब्दावर फुली आली होती.

दोन वर्षांनी आम्ही सोळाव्या शतकातल्या त्रेंतच्या सभेपर्यंत आलो. पुढचं प्रकरण उलटलं, तर थेट तीनशे वर्षांनंतरची व्हॅटिकनची सभा! मी विचारलं, "आणि त्रेंतनंतर गोव्यात ज्या सभा झाल्या, त्या?"

"त्यो प्रांतिक. ल्हान. ह्या पुस्तकात बसनात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

माझं डोकं फिरलं. देवळं नकोत, हिंदूंचे विधी नकोत, असे ठराव याच सभांतून झाले. त्याच काळात आमचे पूर्वज बार्देशातून देव उचलून शापोरा नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्याबाहेर असलेल्या पेडण्यात आले. "तुमच्या या ल्हान सभेत आमचं गाव गेलं," असं म्हणून मी कागद आपटले आणि निघालो. दोन रविवार फिरकलो नाही. राग होताच, पण वाईट जास्त वाटलं. जगातल्या प्रत्येक हरलेल्याला पान देणाऱ्या माणसाकडे आमच्यासाठी एक ओळ नव्हती.

तिसऱ्या रविवारी धापा टाकत तेच आमच्या पडवीत आले. आईने खुर्ची दिली. बसण्याआधीच म्हणाले, "ल्हान म्हणून सोडूंक ना, मास्तर. ते ठराव करपी म्हजे लोक. तांचेविशीं बरोवपाक पेन उचललें, पूण हात धजलो ना." मग आईकडे वळले. "आई, तुमचो देव कसो आयलो, सांगात म्हाका."

आईने सांगितलं. पालखी कुठली? देव पेंढ्याने बांधलेल्या भाताच्या मुडीत लपवून होडीत घातला. म्हणून आजही वर्षातून एकदा आमचा देव देव्हाऱ्यातून काढून भाताच्या मुडीवर बसवतात. पाद्रीबाब मान खाली घालून लिहीत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांक राग आयलो आसतलो?"

"इल्लो मा, राग तर येतलोच," आई म्हणाली. "देवाक सुद्दा इल्लो असतलो."

हेही त्यांनी लिहून घेतलं. उठताना आईला 'देव बरें करूं' म्हणाले, त्यांच्याकडे आभार असेच मानतात.

ते प्रकरण अकरा पानांचं झालं. आधी आमची बाजू, मग ठराव करणाऱ्यांची, दोन्ही सारख्याच मायेने लिहिलेल्या. व्याकरण दोनचार ठिकाणी घसरलं होतं, मी हात लावला नाही.

पुस्तक छापून व्हायच्या आत, गेल्या वर्षी, पाद्रीबाब गेले. मी अंत्यविधीसाठी चर्चला जायला निघालो तर आई लुगडं बदलून दारात उभी. ब्याऐंशी वर्षांत ती कधी चर्चची पायरी चढली नव्हती.

"तू कशाला त्रास घेतेस?" मी म्हटलं.

"तो आमच्या दारात इल्लो ना रे? मगे आमी जावंक नको?"

चर्चच्या दारात तिने सवयीने चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसले होते. कुणीतरी म्हणालं, असू देत, आई, हांगा चलता. तिने ऐकलं नाही. अनवाणीच ती शवपेटीपर्यंत गेली, हात जोडले आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाद्रीबाब, आमचा तुमी लिवलात. देव बरें करूं."