फियाटचा अर्धा ऑटोमॅटिक वायपर

उधन्याला आमच्या सोसायटीत येऊन "फियाटवाले काका कोण?" असं विचारलंत, तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील आणि मग हसतील. हसतील हे आधीच सांगून ठेवतो. मी श्रीकांत. विमा कंपनीच्या मोटार विभागातून रिटायर झालो. अख्खी नोकरी ठोकलेल्या गाड्यांचे क्लेम पास करण्यात गेली, त्यामुळे गाडीच्या प्रत्येक पार्टचं नाव मला तोंडपाठ आहे. तो पार्ट गाडीत नेमका कुठे असतो, एवढंच काय ते विचारू नका.

माझी फियाट पंचाहत्तरचं मॉडेल. तिच्याबाबत माझा एकच हट्ट, सगळं ओरिजिनल पाहिजे. दरवाजाची कडी ओरिजिनल, हॉर्न ओरिजिनल, माझ्या बाजूची काच अर्धी खाली येऊन अडकलेली आहे तीसुद्धा ओरिजिनल. मी नोकरीत असतानाच एका पावसाळ्यात वायपरची मोटर बंद पडली. म्हातारी होऊन गेली बिचारी, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तशीच मोटर कुठे मिळेना आणि नव्या जमान्याची मोटर बसवायला आमच्या तत्त्वात जागा नव्हती. मग मी शोध लावला.

शोध असा. बॉनेटच्या आत सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ताणून बांधली. ती वायपरला एका बाजूला आपोआप खेचायची. दुसऱ्या बाजूला खेचायला वायपरला नाडी बांधली, परकराची, आणि तिचं टोक बायकोच्या बाजूच्या तिकोनी खिडकीपर्यंत आणलं. मी म्हणायचो "ओढ", की अरुणा त्या खिडकीतून हात बाहेर काढून नाडी ओढायची. सोडली की वायपर परत. ऑफिसात मी हे सगळ्यांना "हाफ ऑटोमॅटिक" म्हणून सांगायचो. त्यातला ऑटोमॅटिक हाफ माझ्या वाट्याला आला होता, हे मात्र कधी सांगितलं नाही.

अरुणा बमरोलीच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या लोकांची मुलं तिच्या वर्गात. रोज सकाळी मी तिला शाळेच्या फाटकाशी सोडायचो आणि पुढे ऑफिसला जायचो. कितीतरी पावसाळे ती डावी बाही निथळत वर्गात गेली. आणि मी ऑफिसात इस्त्रीच्या शर्टात, फियाट कशी राखावी यावर भाषण ठोकत असायचो. ती एकदाच म्हणाली होती, "अहो, एखाद्या दिवशी तुम्ही ओढा, मी चालवते." मी म्हटलं, "तुला कुठे चालवता येते?" ती म्हणाली, "आणि तुम्हाला कुठे ओढता येते?" मी विषय बदलला.

आता ती रिटायर झाली आहे. या ऑगस्टमध्ये तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पर्वत पाटियाला एक हॉल घेऊन तिचा सत्कार ठरवला. आमच्या घरात सत्कार ही गोष्ट तोवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती. माझा निरोपसमारंभ झाला होता, पण त्यात साहेबांनी माझं नाव चंद्रकांत असं घेतलं होतं. अरुणाने ठेवणीतली मोरपंखी रेशमी साडी काढली, आरशासमोर खांद्यावर टाकून बघितली आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, "या साडीला पाण्याचा थेंब चालत नाही. डाग पडतो. मी रिक्षाने जाईन."

रिक्षाने. स्वतःच्या सत्काराला माझी बायको रिक्षाने जाणार आणि मी मागून फियाटमधून, एकटाच. माझं तर जेवणच गेलं. ओरिजिनलचं तत्त्व मी त्याच संध्याकाळी मोडीत काढलं आणि मोडीच्याच बाजारात गेलो.

पांडेसऱ्याकडचा भंगारवाला चिंधा हा अरुणाच्या एका विद्यार्थ्याचा बाप. त्याने अलीकडच्या छोट्या गाडीतली मोटर काढून दिली. "लई जा काका, चांगली शे. दोन स्पीडनी शे." दोन स्पीड ऐकून माझ्या अंगात आलं. मेकॅनिककडे जायचं सोडून मी गाडीखाली पोतं अंथरलं.

मोटर बसवण्याची हकिगत लांबवत नाही. पत्र्याला दोन भोकं चुकीच्या जागी पडली, ती आता हवा यायला उपयोगी आहेत. वायपर चालू झाला आणि मी विजयी मुद्रेने बटण बंद केलं, तर दोन्ही पाती काचेच्या मधोमध ताठ उभी राहिली. या नव्या मोटरी बंद केल्या की आपल्या ठरलेल्या जागीच जाऊन थांबतात. ती जागा बघून मग पाती बसवायची असतात. मी पाती आधी बसवली होती. अरुणा चहा घेऊन आली, उभ्या पात्यांकडे बघत म्हणाली, "शरण आलीय का गाडी?" मी पाती काढून पुन्हा बसवली.

मोटरच्या तोंडाशी एक छोटा लोखंडी दांडा असतो. तो फिरतो आणि वायपर हलवतो. अरुणाने जुन्या मोटरचा दांडा नव्या दांड्याशेजारी धरून बघितला. "हा नवा लांब नाही का? वायपर जास्त पुढे जाईल. कापून घ्या."

"कापायचा कसा? ओरिजिनल आहे तो," मी म्हणालो.

भंगारातल्या मोटरचा दांडा ओरिजिनल आहे म्हणून कापायचा नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला ते पटलंसुद्धा. मग काचेवर तांब्याभर पाणी ओतून हळू स्पीडवर चालवून दाखवलं. झकास चाललं. रिक्षाचं बोलणं बंद झालं.

सत्काराच्या दिवशी निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. अरुणा साडी सावरून बसली, तिने तिकोनी खिडकी घट्ट लावून घेतली आणि हात मांडीवर ठेवले. त्या हातांना पावसात गाडीत काही काम नाही हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पर्वत पाटिया जवळ आलं आणि पाऊस असा कोसळला की पुढचा टेम्पो दिसेना. मी ऐटीत दुसरा स्पीड टाकला.

काच लख्ख झाली. पण दांडा लांब आणि वर स्पीड फास्ट, त्यामुळे माझ्या बाजूचं पातं काचेची हद्द ओलांडून बाहेर गेलं आणि काचेवरचं सगळं पाणी उचलून माझ्या अडकलेल्या खिडकीतून आत फेकलं. माझ्यावर. परत गेलं, परत आलं, परत फेकलं. उजवा खांदा, उजवी बाही, उजवा कान. अरुणाकडचं पातं आपलं निमूटपणे काचेच्या मध्यापर्यंत येऊन परत जात होतं. तिच्यावर एक थेंब नाही.

"हळू करतो," मी तोंड पुसत म्हणालो.

"हळू केलंत तर दिसणार नाही. फास्टच राहू द्या," ती समोर बघत म्हणाली. तिचे ओठ हलत होते, पण ती हसली नाही. तेवढी दया तिने दाखवली.

हॉलमध्ये तिला व्यासपीठावर नेलं आणि मला पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या खुर्चीखाली छोटं तळं झालं. सुषमा नावाची तिची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः दोन मुलांची आई, माइकसमोर आली. म्हणाली, "पावसाळ्यात बाईंची डावी बाही कायम ओली असायची. उजवी कोरडी. आम्ही पोरी बोलायचो, बाई रस्त्यात कुणाला तरी छत्रीत घेतात आणि छत्री त्याच्यावरच धरतात. मग आम्हीपण ज्याच्याकडे छत्री नाही त्याला घेऊन यायला लागलो. आज माझी पोरगी तसंच करते."

टाळ्या वाजल्या. मला खुर्चीतून उठून पळावंसं वाटलं. नाडीची गोष्ट अरुणाने सोसायटीत घरोघरी सांगितली आहे. ती आता इथेही सांगणार, आणि सांगायलाच हवी होती, असं मला मनापासून वाटलं.

अरुणा उठली. तिने माइक हातात घेतला.

"बरोबर ओळखलंत तुम्ही," ती म्हणाली. "होता एकजण माझ्याबरोबर. त्याला कोरडं ठेवून आणायची मी. आज मात्र तो भिजलाय. पहिल्या रांगेत बसलाय, बघा."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी उभा राहिलो आणि नमस्कार केला. उजव्या बाहीतून पाणी गळत होतं.

सत्कार झाल्यावर ती खाली आली. अंगावरची सत्काराची शाल काढून तिने माझ्या ओल्या खांद्यावर टाकली, नीट दाबून बसवली आणि कानाशी म्हणाली, "आता तरी तो दांडा कापून घ्या."