हात न लावता शिकायचे किडे

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रघुनाथ कर्णिक यांच्याबद्दल पेणमध्ये कुणी वाईट बोलत नाही. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे लोकांची जीभ उचलत नाही. मी रोह्याची, त्यांची विद्यार्थिनी नव्हे, तेव्हा मला ती अडचण नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात किंवा कट्ट्यावर बसतात. भावोजींनी रामवाडीतल्या आपल्या घरी दर रविवारी दुपारी मुलांचा कीटकवर्ग काढला. फाटकावर पाटी लावली, ‘हातांनी शिका, किडे ओळखा’. आत गेल्यावर वर्गाचा पहिला नियम असा, की कुणी कशालाही हात लावायचा नाही. मुलं येताना साबणाने हात धुतात, जाताना धुतात, आणि मधला सगळा वेळ भिंतीवरच्या जुन्या तक्त्याकडे बघत ‘अंडं, अळी, कोष, फुलपाखरू’ असं एका सुरात म्हणतात. स्वतः भावोजी साधं झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढून ताईला हाक मारतात. श्यामलाताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी दर रविवारी तिच्या मदतीला जाते, म्हणून हे सगळं मला बघावं लागतं.

त्या घरात किड्यांचं खरं वेड आहे ते इशिताला. इशिता म्हणजे पुष्करची, त्यांच्या मुलाची मुलगी. आईवडील नोकरीसाठी बंगळूरला, आणि ही तिसरीतली पोर इथे आजी-आजोबांकडे. पावसाळ्यात तिला गॅलरीतल्या कुंडीत, तेरड्यावर एक अळी सापडली. बोटाएवढी जाड, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीवर काटा. शाळेतून आली की ही दप्तर न काढता कुंडीपाशी बसायची. आज किती पानं खाल्ली, कात कशी टाकली, हे मला फोनवर सांगायची. आईबाबा आठवडाभर काय करतात हे तिला ठाऊक नसेल, पण अळीचं सगळं ठाऊक होतं.

एका रविवारी ती म्हणाली, “आजोबा, अळी मातीत शिरली. काल मी बघितलं. आता ती आत कोष करेल.”

भावोजी वर्गासमोर हसले. “मातीत गांडूळ जातं. अळी फांदीला कोष करते. हे काय, तक्त्यावर आहे. तुझी अळी बुलबुलाने खाल्ली.”

शेजारची किमया म्हणाली, “पन हिनं बगितलंय ना, आजोबा.”

“नुसतं बघणं म्हणजे निरीक्षण नव्हे,” भावोजी म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. इशिताने लिहिलं नाही. ती मातीत पाणी जास्त होऊ नये म्हणून कुंडी आडोशाला सरकवून आली.

पुढे गौरी आल्या, सणासाठी मीही त्या दुपारी पेणला पोचले. आमच्याकडे गौर तेरड्याची असते आणि रोप मुळासकट आणावं लागतं, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. दरवर्षी ताई मळ्यातून आणायची. यंदा तिचा गुडघा तसा, म्हणून भावोजींनी सूत्रं हाती घेतली. रस्त्याकडेच्या तेरड्यावर हायवेची धूळ असते, घरचाच स्वच्छ, असं म्हणून त्यांनी इशिता शेजारी किमयाकडे गेली असताना कुंडीतलं रोप उपटलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ते रघुनाथ कर्णिक कसले. चिखलाची पावलं देवापुढे नकोत म्हणून त्यांनी मुळं नळाखाली धरली आणि बोटांनी चोळचोळून धुतली. इशिता आली तेव्हा खालच्या बादलीत गढूळ पाणी होतं आणि तळाशी खजुराच्या बीसारखं काहीतरी तपकिरी पडलेलं होतं. तिने ते तळहातावर घेतलं. त्याचं टोक हललं.

ती रडली नाही. मी रडायच्या बेतात होते, रागाने.

भावोजींनी चष्मा लावून कोष पाहिला आणि म्हणाले, “काही अळ्या मातीत जातात, मी म्हणत होतोच.” मग त्यांनी लोणच्याची काचेची बाटली लख्ख पुसली, आत कापूस घातला, कोष ठेवला, झाकणाला भोकं पाडली आणि वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवली. इशिता माती घालू या म्हणाली. “मातीत मुलांना दिसणार काय?” असं म्हणून तिला गप्प केलं. इतका निर्लज्ज माणूस मी जवळून दुसरा पाहिलेला नाही.

पितृपक्षातल्या रविवारी, मुलं जमत असतानाच कोष फुटला. ओला, केसाळ पतंग बाहेर आला. पंख म्हणजे दोन चुरगळलेले चिठोरे. तो काचेवर चढायचा, घसरून कापसात पडायचा, परत चढायचा.

“आजोबा, त्याला धरायला काही नाही. झाकण काढू?” इशिताने विचारलं.

“थांब. आधी सगळे नीट बसा. पहिली अवस्था कोणती?”

“अंडं,” मुलं म्हणाली.

“भावोजी, उघडा ती बाटली,” मी म्हटलं. त्यांनी छडी वर केली, मलाही गप्प करायला. अंड्यावर बोलून झालं, मग अळीवर. अळीला पाय किती, खरे किती आणि खोटे किती. पतंग आता चढायचा थांबला होता. मुलं तक्त्याकडे तोंड करून बसली होती आणि डोळे बाटलीकडे होते.

“आजोबा,” इशिता म्हणाली, “पंख वाळायच्या आत उघडायला किती वेळ असतो? तुम्ही बघितलंय ना कधी?”

तिने हे टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि अजूनही तिला वाटत होतं की आजोबांना माहीत असेल.

“बघितलं असं नाही,” भावोजी म्हणाले, “पण पुस्तकात...”

ती उठली. झाकण काढलं आणि बोट आत घातलं. पतंग बोटाला चिकटला, चढत चढत मनगटावर आला आणि उलटा लटकला. मुलं रांग मोडून तिच्याभोवती गोळा झाली. उजवा पंख हळूहळू लांब झाला, सपाट झाला, त्यावर तिरकी रेघ दिसायला लागली. डावा होता तसाच चुरगळलेला राहिला. इशिताने हात हलू दिला नाही, तो अवघडला तेव्हा किमयाने खालून आधार दिला. बराच वेळ गेला. डावा पंख तसाच वाळून कडक झाला.

भावोजींनी तक्त्यावर छडी टेकवली. “तर ही चौथी अवस्था.”

“उशीर झाला, आजोबा,” इशिता म्हणाली.

“कशाला?” त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरंच कळलं नव्हतं.