हवालदारांच्या बारा पुरचुंड्या

हवालदारांनी बारा पुरचुंड्या माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. लष्करातून निवृत्त झालेला, कोरेगावकडचा माणूस. त्यांच्या रानाला लागून ॲसिडचा कारखाना होता.

"धुरातनं पाऊस पडतुय, सायेब. अंगावर आला की लय चुनचुनतंय. घेवडा करपला. धुराड्यापासनं शंभर-शंभर पावलांवरची माती आनलीया. आत चिठ्ठ्या हायत."

ही पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. 'आम्ल पाऊस' हा शब्द आमच्या साताऱ्याच्या माती तपासणीच्या लॅबमध्ये कुणी ऐकलेला नव्हता. सँपल घेण्यापासून आकडेमोडीपर्यंत सगळं मीच करायचो. पद्धत ठरलेली. एका शेतातली दहा-बारा ठिकाणची माती गोणपाटावर कालवायची, चार वाटे करायचे, दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मी चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि पुरचुंड्या ओतल्या.

"आवं, पावलं मोजून आनलीया ती! मिसळताय कशापायी?"

"हवालदार, परेड तुम्ही बघा, सँपलिंग मी बघतो."

त्यांनी रिकामी फडकी गोळा केली. मला मात्र आपण फार छान बोललो असं वाटलं.

पीएच म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा. सातच्या आसपास असला की ठीक, बराच खाली गेला की माती आंबट. रिपोर्ट नॉर्मल आला. फाईल लावताना चिठ्ठ्या हाती लागल्या. शंभर, दोनशे, थेट बाराशे पावलांपर्यंत. तेव्हा माझी चूक कळली. धुराड्याजवळची माती आंबट आणि लांबची चांगली असली, तरी कालवल्यावर सरासरी नॉर्मलच येणार. पावलागणिक आकडा चढतो का, एवढंच तर बघायचं होतं! परत माती मागवायची तर चूक कबूल करावी लागली असती. मी चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये सारल्या.

कारखान्याला दुसरं धुराडं बांधायचं होतं. परवानगीच्या मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी हवालदारांना विचारलं, "रिपोर्टवर काही म्हणायचंय?"

ते ताठ उभे राहिले. "माती कशी तपासली ते ह्या सायबांस्नी इचारा. ते सांगत्याल."

सगळे माझ्याकडे वळले.

"प्रोसिजरप्रमाणेच केलंय, सर," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

परवानगी मिळाली. व्हरांड्यात हवालदारांनी माझ्यापुढे हात पसरला. "चिठ्ठ्या तेवढ्या द्या, सायेब. लेकीनं लिवल्यात."

मी त्या आणून दिल्या. त्यांनी एकेक करून मोजल्या, खिशात घातल्या आणि मला नमस्कार केला.

पुढे नोकरीत नव्या लोकांना मी बजावत असे, सरासरी काढण्याआधी माती कुठली ते विचारा. हे मी कुठे शिकलो, ते कुणालाच सांगितलं नाही. आज सांगतानाही लाज वाटते.