टेपाडावरची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोमीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

सोमी आमच्या पोटची नव्हे. कळंबच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरची. आई-बाप गेले, आजी आजारी. म्हणून पाच वर्षांची पोर संस्थेनं आमच्या घरी सांभाळायला दिली. तात्पुरती. आजी सावरली की परत जायची, कागदावर असंच होतं. आम्हाला मूल नव्हतं. तो 'तात्पुरती' शब्द मी वाचला नव्हता का? वाचला होता.

आजी जरा बरी झाली तशी भेटायला येऊ लागली. ती निघाली की पोर रडायची. मी म्हटलं, "नका येऊ. तुम्ही गेलात की तिला ताप भरतो." हे एक खोटं. पण मोठं ते नव्हे.

म्हातारी उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "बरं, नाय येत घरात. टेपाडावरनं हाक मारीन. तिनं ओ दिली का जाईन माघारी. येवढं तरी चालंल ना रं बाबा?"

मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेला हाक आली — सोमेऽऽ. लांबट, डोंगराला घासून आलेली, कुणाची ते कळू नये अशी. पोरीनं तोंड उघडलं. आणि मी — कसं सुचलं मला ते? — तिच्या तोंडावर हात ठेवला. "ओ द्यायची नाय. माणूस नाय ते. रानातलं हाय. ओ दिलीस की घेऊन जातं."

आमच्याकडे ही समजूत जुनीच. मी फक्त त्या समजुतीला आजीचा आवाज दिला.

पुढे कितीतरी दिवस हाक येत राहिली. सोमी कानांत बोटं घालून माझ्या मांडीत शिरायची. मी थोपटायचो. तिचं ते थरथरणं मला — सांगूनच टाकतो — आवडायचं.

मग संस्थेच्या बाईंना घेऊन म्हातारी आली, नातीला न्यायला. अंगणातूनच तिनं हाक मारली, "सोमे, चल गं बाय." तोच आवाज, दहा पावलांवर. पोर किंचाळली ती थांबेचना. बाईंनी वहीत लिहिलं — मूल आजीला घाबरतं. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं का? एकटीच माघारी वळली. होळीच्या आधी वारली.

सोमी आमचीच झाली. आता शिळफाट्याला असते, तिलाही लेक आहे.

मागच्या महिन्यात दोघी आल्या होत्या. दिवेलागणीला परसात बसलो होतो आणि टेपाडावरून हाक आली. लाकूडफाटा आणायला गेलेलं कुणी असेल. नाव नीट ऐकू आलं नाही — म्हणजे, तसं मी ठरवलं. नात ओ द्यायला वळली, तर सोमीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्यासारखाच, अंगठा गालावर. "ओ द्यायची नसते गं. आबांनी मला वाचवलंय त्याच्यातून."

माझ्याकडे बघून हसली. मी ओठ उघडले होते. हाक पुन्हा आली.

मी ओ दिली नाही. तिलाही काही सांगितलं नाही.