पट्टी लावलेली बाटली

पुलगावच्या स्टेशनासमोर औषधाचं एक दुकान होतं. गाडीला निघालेली माणसं तिथूनच खोकल्याचं औषध, दंतमंजन, साबण घेऊन फलाटावर जायची. आम्हीही गेलो, मी, सासूबाई आणि माझ्या कडेवर तापाने फणफणलेला दीड वर्षांचा लेक. त्याला नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. गावच्या डॉक्टरने वाटेपुरतं औषध लिहून दिलं होतं, ते घेतल्याशिवाय गाडीत बसायची सोय नव्हती.

त्या काळी औषधाला बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल औषध भरायचा आणि डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी डिंकाने बाटलीवर चिकटवून द्यायचा. हे इतरांसाठी. आमचा विटाळ नको म्हणून आमची बाटली पायरीवर ठेवायची, तो वरून नरसाळ्याने ओतणार आणि पट्टी वरूनच टाकणार. झेला, नाहीतर वेचा. मागल्या खेपेला ती पट्टी वाऱ्यावर गेली. मी अंदाजाने पाजलं आणि पोरगं संध्याकाळपर्यंत डोळे उघडेना.

मधल्या काळात आम्ही नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. घरातले देव नदीत सोडून आलो, मग ही पायरीच काय ती जपून ठेवायची? मी बाटली सरळ वर, कंपाउंडरच्या फळीवर ठेवली.

खाली ठेव म्हणाला. मी नाही म्हटलं. सासूबाई मागून माझा पदर ओढू लागल्या. लेकरू तापात आहे, गाडी येऊन राह्यली, आजच काऊन हट्ट, असं पुटपुटत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण खाली ठेवली असती तर पुन्हा अंदाजानेच पाजायची पाळी.

"गाडी सुटन तुयी," तो म्हणाला.

"सुटू द्या, भाऊ. औषध भरा अन् पट्टी तुमच्या हातानं लावा. मी इथून हालत नाई."

मागे गिऱ्हाइकं खोळंबली. एक जण करवादला, उरका बुवा, आम्हालाही गाडी आहे. त्याला माझा कळवळा नव्हता, स्वतःच्या गाडीची पडली होती. असो, कामाला आला. कंपाउंडरने तोंड वाकडं केलं, बाटली भरली, पट्टीला डिंक लावून अंगठ्याने दाबली आणि फळीवरून माझ्याकडे सरकवली.

मी बाटली घेऊन वळले, तर सासूबाई जागच्या हलेनात. उभा जन्म त्या पायरीखाली काढलेली बाई. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पायरी चढल्या आणि फळीपुढे हात केला.

"एक साबण द्या," त्या म्हणाल्या. "हातात."