टेप फाडली तेव्हा
ब्राउन टेप रोलवरून कर्रकन सुटली की मला अंधेरीच्या आमच्या हॉस्पिटलमधली ती दुपार आठवते. नव्या औषधाच्या चाचणीसाठी पेशंटचं रक्त घ्यायचं, गोठवायचं आणि ड्राय आइसच्या खोक्यात भरून परदेशी लॅबला धाडायचं, हे माझं काम. त्या दुपारी खोकं बंद झालं होतं, कुरियरवाला दारात उभा होता, तेवढ्यात सकाळी रक्त देऊन गेलेल्या मरोळ गावठाणातल्या आजी धापा टाकत जिना चढून आल्या. "माझं रक्त पाठवू नको गं." डॉक्टर वैतागले, "का पण?" "का कशाला? माझंच आहे ना!" डॉक्टर माझ्याकडे वळले, "जाऊ दे खोकं. एका नळीने काय फरक पडतो?" पण 'कधीही नाही म्हणू शकता' हे संमतीच्या फॉर्मवरचं वाक्य मीच आजींना वाचून दाखवलं होतं. मी कटर उचलला. "मग एक कमी गेली तर काय फरक पडतो, सर?" टेप फाडली, पांढऱ्या धुरातून आजींची नळी शोधून बाहेर काढली आणि सगळे कागद पुन्हा भरायला बसले. आजही टेप लावण्याआधी मी एकदा जिन्यात डोकावते. कुरियरवाला ओरडतो. ओरडू दे.